चाळीस पिनांची भावकी

पिकोकॅल्क नावाचं एक यंत्र आहे. क्लॉकवर्कपाय या चिनी कंपनीने ते २०२५ साली बाजारात आणलं. जाडजूड कॅल्क्युलेटरच्या आकाराचं, वर चार इंची चौकोनी पडदा, खाली अंगठ्यांनी दाबायच्या इवल्या कळा आणि पोटात दोन सेल. किंमत ७५ डॉलर, सेल ज्याचे त्याने आणायचे. सुटे भाग येतात, ते स्क्रू पिळून जोडायचे आणि बटण दाबायचं की समोर बेसिक भाषा हजर. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून ज्यांनी बेसिकमध्ये सतराचा पाढा छापला, त्यांचा घसा ते पाहून दाटून येतो.

तर यंत्र घरी आलं, जोडलं आणि पहिल्या झटक्यात चाललं. शहाण्या माणसाची गोष्ट इथे संपते. आमच्या पंथात मात्र पहिल्या झटक्यात चाललेल्या यंत्राकडे जरा संशयानेच पाहतात. चाललं म्हणजे आता करायचं काय? वापरायचं? वापरायला घरात लॅपटॉप आहे, फोन आहे, मुलीचा टॅब आहे. वापर हा आमचा विषयच नव्हे.

या यंत्राचा मेंदू म्हणजे रास्पबेरी पाय पिको. केंब्रिजच्या मंडळींनी २०२१च्या जानेवारीत चार डॉलरला काढलेली, बोटाएवढी हिरवी पट्टी. तिच्यात स्मरणशक्ती २६४ किलोबाइट. फोनमधला एक साधा फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही, पण पाढे, सापाचा खेळ आणि थोडं संगीत एवढ्यावर ती सुखाने संसार करते. त्याच घरात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरं अपत्य झालं, झिरो टू डब्ल्यू. चार कोअर, ५१२ मेगाबाइट, वायफाय, आणि त्यावर आख्खं लिनक्स चालतं. किंमत पंधरा डॉलर. पिकोकॅल्कमधली पिको दोन सॉकेटांत नुसती खोचलेली असते, हाताने उपटता येते. आता खोचलेली वस्तू उपटता येते म्हटल्यावर तिच्या जागी दुसरं काय खोचता येईल हा विचार ज्याच्या मनात येत नाही, त्याला रात्री झोप चांगली लागते.

मला पिन मोजायची सवय आहे. पिकोला ४० पिन. झिरोला ४० पिन. दोन्हीकडे ३.३ व्होल्टचा कारभार. बाहेरच्या जगाशी बोलायला पिकोकडे २६ पिन मोकळ्या, झिरोकडेही २६. जमिनीला जोडायच्या, म्हणजे ग्राउंडच्या पिन पिकोवर आठ, झिरोवर आठ. एका आईची लेकरं, एका वयाची, अंगावर सारखेच दागिने. वाटलं, यांचं जमवायला असा कितीसा वेळ लागणार?

आणि मग भावकी दिसायला लागली.

पिकोच्या पिना दोन बाजूंना वीस-वीस आहेत, मधे १७.७८ मिलीमीटरचं अंगण. झिरोच्या वीस-वीसच, पण दोन्ही रांगा एकमेकींना खेटून, एकाच कडेला. बरं, ते एक सोडा. पिकोच्या ग्राउंड पिना पाहा: ३, ८, १३, १८, २३, २८, ३३, ३८. दर पाच घरांनंतर एक, इतकी शिस्त की मुंजीच्या पंगतीला नसते. झिरोच्या पाहा: ६, ९, १४, २०, २५, ३०, ३४, ३९. कसलाही हिशोब नाही. आणि या दोन याद्यांमध्ये सामाईक आकडा एकही नाही. आठातला एकही नाही! ठरवून केलं असतं तरी एखादा चुकून जुळला असता. इतकं कटाक्षाने न जुळणं हे फक्त सख्ख्यांनाच साधतं.

पुढे ऐका. पिकोकॅल्कचा पडदा पिकोच्या १० ते १५ या नंबरांवर टांगलेला आहे. त्यात १० म्हणजे घड्याळाचा ठोका आणि ११ म्हणजे चित्राची माहिती. झिरोवर हेच काम करणाऱ्या तारा आहेत, नंबरही तेच आहेत, १० आणि ११. फक्त तिथे १० म्हणजे माहिती आणि ११ म्हणजे ठोका. आंबा तुमच्या हद्दीत आणि त्याची सावली आमच्या. शिवाय झिरोवर '१० नंबर' ही दहावी पिन नव्हेच, ती एकोणिसावी. अकरा नंबर तेविसावी. पहिल्या रास्पबेरी पायला २०१२ साली पिना होत्या २६. २०१४ साली त्या ४० झाल्या, तेव्हा जुन्यांना हात न लावता नव्या शेजारी मांडल्या, आणि चिपमधल्या तारेचा नंबर नि पिनेचा नंबर यांचा संबंध असलाच पाहिजे असं आधीही कोणाला वाटलं नव्हतं. सातबाऱ्यावर एक नाव, घरपट्टीवर दुसरं आणि गावात हाक मारतात ती तिसऱ्याच नावाने. स्वभावातही फरक. पिको १.८ व्होल्टपासून ५.५ व्होल्टपर्यंत काहीही वाढा, मुकाट्याने खाते. झिरोला ताटात पाचच लागतात, आणि तेही गरम.

अशा ठिकाणी पंच लागतो. त्या पंचाचं नाव अडॅप्टर बोर्ड. खालच्या बाजूला पिकोच्या मापाच्या पिना, वरच्या बाजूला झिरोच्या मापाचं सॉकेट, आणि मधे तांब्याच्या रेघा: तुमचं हे त्यांच्या त्या ठिकाणी, त्यांचं ते तुमच्या ह्या ठिकाणी. त्याच्यावर चिप नाही, त्याला अक्कल नाही, तो काही ठरवत नाही. नुसता निरोप पोचवतो.

घरच्यांना हे समजावणं फार कठीण. आईने विचारलं, "अरे, एवढा रात्र रात्र बसतोस, ते करतं काय?"

"ते काही करत नाही."

"मग?"

"ते मधे असतं."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मग देवघराकडे. मुलगा इंजिनियर झाला म्हणून ज्याला पेढे ठेवले होते, त्याच्याशी तिचं काहीतरी बोलणं झालं असावं.

बोर्ड काढण्यासाठी किकॅड नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. ते फुकट आहे, आणि फुकट असूनही चांगलं आहे, हे पुण्यात दोनदा सांगावं लागतं. झाँ-पिएर शारा या फ्रेंच प्राध्यापकाने १९९२ साली ते सुरू केलं. पुढे २०१३च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेने त्याला हातभार लावला. होय, तीच सर्न, जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉनांच्या टकरी लावणारी. तिथे विश्वाच्या आरंभाचा शोध घेणारी मंडळी ज्या अवजाराने आपली सर्किटं आखतात, त्याच अवजाराने मी रात्री दीड वाजता १० नंबर कुठे नि ११ नंबर कुठे हे आखत होतो. विज्ञानात लहानमोठं काही नसतं असं म्हणतात ते खरं असावं, कारण सॉफ्टवेअरनेही मला कुठेच हटकलं नाही.

बोर्ड कारखान्यात पाठवण्यापूर्वी एक जुना रिवाज पाळायचा असतो. आराखडा कागदावर खऱ्या मापात छापायचा आणि त्यावर खरे भाग ठेवून पाहायचे. पिना भोकांवर बरोबर बसल्या तर पुढे जायचं. घरचा प्रिंटर शाई वाळून वारलेला, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. प्रोजेक्टला स्पायरल लावून घेणारी कॉलेजची पोरं पुढे होती. माझा नंबर आला.

"दादा, हे बरोबर शंभर टक्के मापाला हवंय."

"शंभरच येतं."

"नाही, तिथे 'फिट टू पेज' दिसतंय. ते काढा."

"ते काढलं तर कडा कापल्या जातात."

"कडांना काही नाहीये. मधोमध एवढंसंच आहे."

त्याने स्क्रीनवर वाकून पाहिलं. आख्ख्या ए-फोर पानाच्या मधे काडेपेटीएवढा आयत, त्यात टिंब टिंब. त्याला माझी दया आली.

"मोठं करून देऊ का? पानभर येईल. स्पष्ट दिसेल."

"मोठं नको. आहे तेवढंच हवंय."

तोवर छापून आलंच होतं. मी खिशातून पट्टी काढली. रांगेत वीस भोकं असतात, दोन भोकांमधलं अंतर २.५४ मिलीमीटर, म्हणजे पहिल्या भोकापासून शेवटच्यापर्यंत ४८.२६ व्हायला हवेत. इथे भरले जेमतेम ४७. यंत्राने पानात नीट मावावं म्हणून सगळं ९७ टक्क्यांवर आणलं होतं.

"दीड मिलीमीटर कमी आहे," मी म्हणालो.

"पेन्सिलीच्या टोकाएवढा फरक पडतो हो."

"तोच पडायला नकोय."

मागच्या पोरांपैकी एकजण हसला. दादाने मात्र आता हा इज्जतीचा प्रश्न केला. त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या, 'ॲक्च्युअल साइज' नावाची गोष्ट शोधून काढली, आणि पुन्हा छापून पट्टी माझ्या हातातून घेऊन स्वतः मोजलं. ४८ आणि वर थोडं. मग त्याने मला जो प्रश्न विचारला, त्याची मी वाटच पाहत होतो.

"हे करतं काय?"

"मधे असतं," मी म्हणालो. त्याने सहा रुपये घेतले, खराब पानाचेही.

तो कागद थर्माकोलवर ठेवून त्यातून पिना खोचल्या. चाळीसच्या चाळीस टिंबांच्या पोटात गेल्या. छापील सर्किटाचं हे एक सुख आहे. लंडनमध्ये पॉल आयस्लर नावाच्या व्हिएन्नाच्या निर्वासिताने १९३६ साली असं सर्किट घालून रेडिओ बनवला, तेव्हा त्यात फारसा कोणी रस घेतला नव्हता. आमच्या कॉलेजात हे सगळं हाताने चाले. तांब्याचा पत्रा घ्या, मार्करने रेघा ओढा, फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये बुडवा आणि हलवत बसा. रेघांखालचं तांबं उरायचं, बाकीचं विरघळायचं. त्याबरोबर शर्टाची बाहीही जायची. त्या वर्षीच्या आमच्या सगळ्या शर्टांवर एकाच रंगाचे पिवळट तपकिरी डाग होते आणि त्यावरून बसमध्ये ब्रँच ओळखता यायची. होस्टेलच्या बाथरूमच्या फरशीवर पडलेले डाग तर पुढच्या दोन बॅचनीही पाहिले म्हणतात.

आता ते काम चीनमधला कारखाना करतो आणि किमान पाच नग करतो. तुम्हाला एक हवा असला तरी पाच. पाच बोर्डांची किंमत दोन माणसांच्या चहा-क्रीमरोलएवढी, आणि ते पाठवण्याचं भाडं त्याच माणसांच्या जेवणाएवढं. मागणी नोंदवताना रंग विचारतात: हिरवा, लाल, निळा, पिवळा, पांढरा, काळा, जांभळा. बोर्ड बंद डब्यात राहणार, झाकणाला स्क्रू लागणार, आतला रंग पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. तरीही या एका प्रश्नावर मी जितका विचार केला, तितका दिवाणखान्याच्या भिंतींवर केला नव्हता. शेवटी जांभळा.

बोर्डावर पांढऱ्या शाईने अक्षरं छापता येतात. इंग्रजी दुनियेत तिथे आवृत्तीचा नंबर आणि आपलं नाव घालतात. किकॅडमध्ये २०२३च्या सातव्या आवृत्तीपासून संगणकातला कुठलाही फाँट वापरता येतो, म्हणजे देवनागरीही. पहिल्या रेघेला काय लिहायचं हा प्रश्न मराठी माणसाला पडतच नाही. वर मधोमध ॥ श्री ॥. अक्षर फार बारीक ठेवलं तर कारखान्यात शाई भरून वेलांटी बुजते, म्हणून श्री जरा ठसठशीत घेतला. त्याखाली दोन ग्राउंडच्या मधे आवृत्ती.

मग आला कुरिअरचा फोन. परदेशातून माल येतो तेव्हा केवायसी लागतं. आधार कार्ड पाठवलं. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं,

"सर, आयटम काय आहे?"

"सर्किट बोर्ड. पीसीबी."

"त्याच्यावर काय आहे?"

"काही नाही. कोरा आहे."

"कोरा आहे तर सर, मागवलाय कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर सरकारी नमुन्याच्या रकान्यात बसेल असं नव्हतं. मी म्हणालो, "पर्सनल यूज." तिने ते लिहून घेतलं. हा शब्दप्रयोग भारतात फार मोठी कामं करतो.

बोर्ड वाटेत असताना बाकीची खरेदी तपकीर गल्लीत. बुधवार पेठेतली ही गल्ली ज्याने पाहिली नाही त्याला सांगून समजणार नाही, आणि ज्याने पाहिली आहे त्याला सांगायची गरज नाही. एका दुकानात नुसत्या वायरी, दुसऱ्यात नुसते रिमोट, तिसऱ्यात पायऱ्यांपासून छतापर्यंत छोट्या ड्रॉवरांची भिंत. मला हव्या होत्या दोन जिनसा. सगळं जग त्यांना हेडर म्हणतं, गल्लीत म्हणतात बर्ग. पिन असलेली मेल बर्ग, भोकं असलेली फीमेल.

"चाळीस पिन फीमेल बर्ग, डबल रो."

"किती?"

"एक."

काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर घेतला. मागे वळून आत ओरडले, "यांना एक द्या!" त्या 'एक'मध्ये माझी शैक्षणिक पात्रता, आर्थिक स्थिती आणि या शहराच्या भवितव्याबद्दलची काळजी हे सगळं आलं.

"लो प्रोफाइल मिळेल? उंचीला कमी?" मी धीर करून विचारलं. पिकोकॅल्कच्या मागच्या झाकणाखाली जागा थोडी, आणि नेहमीची फीमेल बर्ग उंचीला साडेआठ मिलीमीटर असते. त्यात खालच्या पिनांचं काळं प्लास्टिक धरा, वर झिरो धरा. झाकण लागायचं नाही.

"हीच लो प्रोफाइल."

"ही नेहमीची दिसतेय."

"नेहमीची हीच येते."

तर्काच्या दृष्टीने यात खोट काढता येत नाही. पैसे दिले. घरी येऊन सॉकेटचा नाद सोडला आणि झिरो बोर्डावर थेट सोल्डर करायचं ठरवलं. म्हणजे ते आता कधीच सुटं होणार नाही. पंचांनी भावांना एकाच खोलीत घालून बाहेरून कडी लावली.

सोल्डरिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चाळीस नि चाळीस ऐंशी टाके. आधी फक्त कोपऱ्यातला एक टाका मारायचा, डोळ्याच्या रेषेत धरून तिरकं नाही ना पाहायचं, मग समोरचा कोपरा, मग बाकीचे. त्रेसष्ट-सदतीसची तार १८३ अंशांना वितळते, राळेचा धूर वर येतो आणि घरातली माणसं खिडक्या उघडत फिरतात.

पडदा लागला. काळ्यावर पांढरी अक्षरं सरसर वर धावली, लिनक्स उठलं आणि नाव विचारून थांबलं. मी पहिलं अक्षर दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं, दोन आली. इथे पिकोकॅल्कची एक मजा सांगायला हवी. त्याच्या कीबोर्डाला स्वतःचा वेगळा छोटा मेंदू आहे, आणि तो सेकंदाला दहा हजार ठोके या संथ लयीत बोलतो. झिरो न सांगता त्याच्या दसपट वेगाने बोलायला जातो. कॉन्फिग फाइलमधल्या एका ओळीने त्याला सावकाश करता येतं. पण कीबोर्डाला कधी विचार करायला वेळ हवा असला की तो ठोक्याची तार खाली धरून ठेवतो, म्हणजे 'जरा थांबा'. आणि झिरोच्या चिपच्या घराण्यात हे 'जरा थांबा' ऐकू न येण्याचा दोष फार जुना, पहिल्या पायपासूनचा आहे. उपाय एकच. चिपमधलं तयार यंत्र बाजूला ठेवायचं आणि तेच काम सॉफ्टवेअरकडून, एकेक ठोका हाताने मारल्यासारखं करून घ्यायचं. केलं. अक्षरं एकामागून एक, सांगितलेल्या क्रमाने आली. मी पहिली आज्ञा दिली, ती तारीख दाखवण्याची. यंत्राने ती चुकीची दाखवली, कारण झिरोला सेलवरचं घड्याळ नसतं. पण अक्षरं सुरेख होती.

समोरच्या फ्लॅटमधले काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. जिन्यात कुठेही वायर उघडी दिसली की सोसायटीच्या वहीत नोंद करतात. त्यांच्या कानावर गेलं होतं की मी घरी अडॅप्टर बनवलाय. रविवारी सकाळी आले, उरलेल्या चार जांभळ्या बोर्डांतला एक उचलला, लांब धरला, जवळ धरला. श्री पाहून मान डोलावली.

"करंट किती जातो यातून?"

"फार तर अर्धा अँपियर, काका."

"हं. आणि अर्थिंग दिलंय?"

"आठ ठिकाणी."

काकांनी बोर्ड खाली ठेवला. "आठ?"

"वरच्या बाजूला आठ, खालच्या बाजूला आठ. सगळी एकत्र जोडली."

"अर्ध्या अँपियरला सोळा अर्थिंग!" काका खुर्चीत बसले. "अहो, आम्ही एक पॉइंट जास्त टाकला तर ऑडिटवाले तीन वर्षं पत्रं पाठवायचे. याचं बिल कोणी पास केलं?"

आतून बायकोचा आवाज आला, "अजून केलेलं नाही."